बुलेटला टर्बो बसवला, आता त्याला थंड कोण ठेवणार?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

या महिन्यात टर्बोवरच, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्रावरच, इतकी पत्रं आली की ब्रेक, चेन आणि मायलेजवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. उन्हाळा तोंडावर आहे. नागपुरात एअर-कूल्ड गाडीची खरी परीक्षा मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत होते, तेव्हा विषय वेळेवर आला म्हणायचा.

प्रश्न : भाऊ, माझी ५०० सीसीची इंजेक्शनवाली बुलेट आहे. कबाड्याकडून डिझेल कारचा छोटा टर्बो आणला, बेंड पाइप स्वतः बनवला, तेल हेडला जाणाऱ्या लाइनमधून काढलं. गाडी पळते जबरदस्त. पण घरी येऊन बंद केली की जळक्या तेलाचा वास येते, अन् दहा मिनिटांनी परत चालू केली की निळा धूर सोडून राहिली. टर्बोला पाण्याचं कूलिंग नाही. पंखा लावू का टर्बो टायमर?
(एक वाचक, हिंगणा रोड, एमआयडीसीत टर्नर)

उत्तर : पंखा नको आणि टायमरही (चावी काढल्यावर इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा) नको. आधी खाली वाकून तेलाची परतीची नळी बघा.

पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट जोरात चालवताना ८०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. त्या झोतावर टर्बाइन फिरते, आणि शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला हवा कोंबणारा कॉम्प्रेसर. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्या पुढेही जातो, आणि तो फिरतो तेलाच्या पातळ थरावर. कारमध्ये मधल्या बॉडीभोवती बहुधा पाण्याचं जॅकेट असतं. तुमच्याकडे ते नाही, म्हणजे बेअरिंगला वंगण देणं आणि तिथली उष्णता उचलून नेणं ही दोन्ही कामं तेलाच्याच गळ्यात आहेत. तेल किती येतं, कसं परत जातं आणि आपली उष्णता कुठं टाकतं, एवढ्या तीन गोष्टींत तुमचा सगळा प्रश्न आला.

गाडी चालू असेपर्यंत बहुधा भागून जातं. गडबड होते चावी फिरवल्यावर. तेलाचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं की तोही थांबला. टर्बाइनची हाउसिंग मात्र जाड बिडाची, तिच्यात साठलेली उष्णता शाफ्टवाटे आणि मधल्या बॉडीतून बेअरिंगकडे सरकत राहते. म्हणून बंद केल्यावर काही मिनिटं बेअरिंगचं तापमान उतरत नाही, उलट चढतं. तिथं थांबलेलं तेल शिजतं आणि त्याचा कोळसा होतो. तुम्हाला येणारा वास तोच.

असाच एक टर्बो गेल्या उन्हाळ्यात माझ्या बाकावर आला होता. कॉम्प्रेसरकडची बाजू नव्यासारखी, चाकाची पाती चकचकीत. टर्बाइनकडची बाजू उघडली तर बेअरिंगच्या खोबणीत काळा, ठिसूळ थर. नखानं निघेना, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं टवके उडाले. तेलाचं बारीक भोक त्याच टवक्यांनी अर्धंअधिक बुजलेलं. शाफ्ट बोटात धरून हलवला तर वरखाली डुलत होता आणि चाकाच्या एका पात्याची कड हाउसिंगला घासून पांढरी पडली होती. मालकाचं म्हणणं होतं, ‘सील गेलं, सील बदलून द्या.’

हा ‘सील गेलं’ गैरसमज आपल्याकडे फार आहे. टर्बोच्या शाफ्टला इंजिनासारखं रबरी ऑइल सील नसतंच, त्या तापमानाला रबर टिकणार कसं? तिथं पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची कडी असते. ती तेल अडवते ते मधल्या बॉडीत तेल साचत नाही म्हणून. बेअरिंगमधून निघालेलं तेल फेसाळलेलं असतं, त्याच्यामागे दाब उरलेला नसतो, ते फक्त स्वतःच्या वजनानं खाली पडतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, आतून निदान १२ मिमी, जास्त असली तर उत्तम. ती उभ्या रेषेपासून फार कललेली नको, मध्ये कुठं झोळ नको, आणि क्रँककेसमध्ये शिरते ती जागा तेलाच्या पातळीच्या वर हवी. नळीत झोळ पडला की तिथं तेल थांबतं, वरची बॉडी भरते, आणि तेल कडीवरून टर्बाइनमध्ये उतरतं. गाडी परत चालू केली की तेच जळून निळा धूर. तुमची लक्षणं वाचून मी पैज लावीन की झोळ आहे, किंवा टर्बो सम्पच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या जागेच्या) पातळीला जाऊन बसला आहे. टर्बो खालीच ठेवायचा असेल तर तेल ओढून परत टाकणारा वेगळा स्कॅव्हेंज पंप लागेल, दुसरा इलाज नाही. शिवाय सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते आणि परतीचं तेल उलटं ढकलते. ही हवा बाहेर सोडणारा ब्रीदर मोठा करा.

आता पुरवठा. हेडच्या लाइनमधून तेल काढलंत हे मला अजिबात आवडलं नाही. तुमच्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यांना दाब लागतो. हेडला मिळणारं तेल रॉकरला वंगण देतं आणि एअर-कूल्ड गाडीत हेडची बरीच उष्णताही तेच उचलतं. तुम्ही नेमकं सगळ्यात तापणाऱ्या भागाचं तेल चोरलं. फिल्टरनंतरच्या मुख्य लाइनवर टी बसवा आणि तिथंच प्रेशर गेज लावा. साध्या जर्नल बेअरिंगच्या (गोळ्या नसलेल्या, नुसत्या तेलाच्या थरावर फिरणाऱ्या) टर्बोला गाडी जोरात असताना २ ते ३ बार तरी हवेत. आपल्या बऱ्याच सिंगल इंजिनांत क्रँक रोलर आणि बॉल बेअरिंगवर असतो, त्याला तेल भरपूर लागतं पण दाब कमी चालतो, म्हणून पंपही तसाच असतो. तेल चांगलं तापल्यावर, आयडलला, गेज काय दाखवतं ते बघा. काटा तळाला टेकत असेल तर टर्बोसाठी वेगळी टाकी, वेगळा इलेक्ट्रिक पंप आणि वेगळा कूलर, असं स्वतंत्र सर्किट करा. खर्च वाढतो, पण चावी काढल्यावरही तो पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवता येतो, आणि तुमच्या दुखण्यावर खरं औषध तेच आहे.

दुसरा फायदा तेलाच्या निवडीचा. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात. टर्बो आहे म्हणून कोणी कारचं महागडं टर्बो ऑइल ओतलं की चार दिवसांत क्लच घसरायला लागते, कारण त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनातलंच तेल टर्बोला देणार असाल तर डब्यावर जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलेलं, फुल सिंथेटिक, १५डब्ल्यू-५० च्या जातीचं घ्या. सर्किट वेगळं असेल तर तिथं कारचं तेल बिनधास्त चालेल. दोन्हीकडे तेल बदलायचं अंतर निम्म्यावर आणा.

टर्बो टायमरचं म्हणाल तर ती कल्पना पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांची. तिथं दोन मिनिटं आयडलला ठेवलं तर रेडिएटरचा पंखा फिरतो, सगळं शांतपणे निवतं. तुमच्या गाडीला पंखा म्हणजे पुढून येणारा वारा. मे महिन्यात दुपारी, सिमेंटच्या अंगणात, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर टर्बो थोडा निवेल, पण हेड तापत जाईल आणि तेलही त्याच्यासोबत. एकाला वाचवायला दुसऱ्याला भट्टीत घालायचं. त्यापेक्षा हिंगणा टी-पॉइंटपासून घरापर्यंत गाडी वरच्या गिअरमध्ये, थ्रॉटल हलका ठेवून, बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) न चढवता आणा. वारा लागतो, एक्झॉस्ट निवतो, तेल फिरत राहतं. दारात आलात की वीस-तीस सेकंद थांबा आणि चावी फिरवा.

पंख्याबद्दल: निळ्या धुराच्या गाडीला पंखा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ऑइल कूलरवर छोटा पंखा असेल तर सिग्नलला कामाचा आहे. व्हरायटी चौकात दुपारी अडकलेल्या एअर-कूल्ड गाडीचं तेल १३० अंशांच्या वर सहज जातं, आणि जाऊन जाऊन टर्बोकडे तेच तेल जाणार. ९० ते ११० मध्ये राहिलं तर निश्चिंत, १३० च्या वर कायम राहत असेल तर कूलर छोटा पडतोय.

आणि शेवटचं, तुमचा टर्बो डिझेलचा आहे. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो, म्हणून त्या टर्बोचं बीड आणि टर्बाइनचं चाक कमी तापमानाच्या हिशोबानं घडवलेलं असतं. अर्ध्या थ्रॉटलवर शहरात चालून जाईल. वर्धा रोडला बुटीबोरीपर्यंत दाबून नेलीत तर हाउसिंगला तडा जाण्याची तयारी ठेवा.

प्रश्न : काका, आम्ही इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून २२० सीसीच्या ऑइल-कूल्ड गाडीवर टर्बो बसवतोय. मिळालेला टर्बो जपानी ६६० सीसी कारचा आहे, त्याला पाण्याची दोन तोंडं आहेत. गाडीत पाणीच नाही. तोंडं बंद करून टाकू का? एक मित्र म्हणतो कूलरचा पंप लाव.
(विद्यार्थी, वाडी)

उत्तर : तोंडं बंद करू नका, फुकट मिळालेली सोय आहे. आणि मित्राला सांगा, डेझर्ट कूलरचा पंप घरच्या २३० व्होल्टवर चालतो, त्याची बॉडी प्लास्टिकची असते, आणि टर्बोतून आलेल्या पाण्यात ती वितळून त्याच्या हातात येईल.

टर्बोतल्या पाण्याचं खरं काम गाडी चालू असताना फारसं नसतं, ते बंद केल्यावर सुरू होतं. मघाशी सांगितलेली बंद केल्यानंतरची उष्णता बेअरिंगपर्यंत पोहोचण्याआधी पाणी घेतं. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, त्याच्या जागी खालून थंड पाणी शिरतं, पंप नसतानाही फेरा चालू राहतो. पण त्याला वाट सरळ द्यावी लागते. एक तोंड खाली आणि एक वर येईल अशी मधली बॉडी २० अंशांच्या आसपास फिरवा. त्यापेक्षा जास्त फिरवू नका, कारण तिच्यासोबत तेलाचं परतीचं तोंडही कलतं. वरच्या तोंडातून निघालेली होज सतत चढत जाऊन टाकीखालच्या छोट्या हेडर टँकला मिळाली पाहिजे. मध्ये एक जरी उंचवटा असला तरी तिथं वाफ अडकते आणि फेरा तुटतो. हेडर टँकमधून रेडिएटर, रेडिएटरच्या तळातून खालच्या तोंडाला, झालं. रेडिएटर मोठा लागत नाही.

नळाचं पाणी नको, कूलंट अर्धं-अर्धं. प्रेशर कॅप लावाच. उघड्या टाकीत अर्ध्या-अर्ध्या कूलंटला १०७ अंशांच्या आसपास उकळी फुटते, १ बारच्या कॅपमध्ये ती १२५ च्या पुढे ढकलली जाते. चालत्या गाडीत पाणी फिरवायचंच असेल तर कारमध्ये हीटरसाठी येतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंप घ्या, मात्र थांबलेल्या पंपातूनही पाणी आरपार जाऊ शकेल असाच. बँजो बोल्टखाली (नळी टर्बोला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

६६० चा टर्बो २२० वर बूस्ट द्यायला बराच उशीर लावेल. प्रोजेक्टच्या मार्कांना त्यानं फरक पडू नये.

प्रश्न : कंपन्यांनी कधी एअर-कूल्ड गाडीला टर्बो दिला होता का, की हे सगळं गॅरेजवाल्यांचं डोकं?
(सेवानिवृत्त शिक्षक, काटोल)

उत्तर : दिला होता, सर. सुरुवात १९७८ मध्ये अमेरिकेत झाली, कावासाकी झेड१आर-टीसी. १०१५ सीसीच्या एअर-कूल्ड गाडीवर बाहेरच्या कंपनीचं टर्बो किट बसवून ती विकली. मग १९८२ मध्ये यामाहा एक्सजे६५० टर्बो आली, तीही एअर-कूल्ड आणि वर कार्ब्युरेटरवाली. होंडानं त्याच वर्षी सीएक्स५०० टर्बो काढली, पण ती पाण्यावर थंड होणारी, म्हणजे आपल्या पंगतीतली नाही.

१९८३ ची सुझुकी एक्सएन८५ माझ्या आवडीची. ६७३ सीसी, ८५ हॉर्सपॉवर म्हणून नावात ८५. हिच्यात पिस्टनच्या बुडाशी खालून तेलाचे फवारे मारले होते. पिस्टनच्या डोक्याची उष्णता फिन्सपर्यंत (सिलिंडरबाहेरच्या, वाऱ्यानं थंड होणाऱ्या पातळ पट्ट्या) जाण्याची वाट कशाला बघायची, तिथल्या तिथं तेलानंच उचलू, हा विचार. १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० मध्ये सुझुकीनं तोच पुढे नेला आणि अख्खं इंजिनच तेलावर थंड केलं. १९८४ ची कावासाकी ७५० टर्बो या सगळ्यांत तगडी, ११२ हॉर्सपॉवर. टर्बो इंजिनाच्या पुढ्यात, एक्झॉस्टच्या तोंडाशी, म्हणजे वाऱ्यातही आणि लॅगही (बूस्ट यायला लागणारा उशीर) कमी. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ७.८ वर उतरवलं होतं. नुसता टर्बो थंड ठेवून भागत नाही, जळणाऱ्या मिश्रणाची उष्णताच कमी जन्मावी लागते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दशक संपायच्या आत सगळ्या बंद पडल्या. वजन आणि किंमत जास्त, आणि तेवढाच वेग साध्या मोठ्या इंजिनात मिळायला लागला.

प्रश्न : इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारला तर फायदा होईल का? आपल्या इथं डेझर्ट कूलर चालते, मग हे काहून नाही चालणार?
(ट्रान्सपोर्टवाले वाचक, कामठी)

उत्तर : चालेल, आणि तुमचा तर्क एकदम बरोबर आहे. फक्त कूलर जून संपल्यावर काय करतो तेही आठवा.

इंटरकूलर म्हणजे टर्बोतून निघालेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी. हिशोब असा. बाहेर ४५ अंश, बूस्ट अर्धा बार, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १०५ अंशांच्या आसपास असते. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांवर तीच हवा ७० ला निघते. म्हणजे आपल्या मे महिन्यात इंजिनाला नुसत्या हवेतूनच ३५ अंश जादा मिळतात, आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकणं) तिथंच सुरू होतं. बरा इंटरकूलर १०५ चे ६३-६५ करतो. आता आपली उन्हाळ्यातली दुपार कोरडी, त्यामुळे ओली ताटी किंवा ओली फिन बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी थंड होऊ शकते. अगदी बारीक फवारा मारला तर आणखी दहा-पंधरा अंश हाती लागतील. जुलैत हवा दमट झाली की तुमचा कूलर जसा नुसता ओलावा फेकतो तसाच हा फवाराही. पण तेव्हा बाहेर तीसच्या आसपास असतं, गरजही तितकी नसते.

दोन पथ्यं. फवारा टर्बाइनच्या हाउसिंगवर उडता कामा नये, लालबुंद बिडावर गार पाणी पडलं तर तडा जाईल. आणि इंटरकूलर सिलिंडरच्या बरोब्बर पुढे लावू नका. दिसायला छान दिसतो, पण हेडच्या फिन्सचा वारा अडवतो आणि वर स्वतःची गरम हवा त्यांच्यावर सोडतो. एका बाजूला सरकवा किंवा खाली डाउनट्यूबच्या (चासीच्या पुढच्या उभ्या नळीच्या) आडोशाला घ्या. माझ्याकडे येणाऱ्या टर्बोच्या गाड्यांत हेड आधी जातं, टर्बो नंतर. स्पार्क प्लगच्या वॉशरखाली बसणारा तापमानाचा सेन्सर मिळतो, तो लावल्याशिवाय बूस्ट वाढवू नका.

पंपावरच्या ई-२० ला सगळे शिव्या देतात, पण इथं त्याची थोडी मदत होते. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या जवळजवळ अडीचपट उष्णता लागते, ती तो आत येणाऱ्या हवेतून घेतो. मात्र त्यात ऑक्सिजन असल्यानं मॅप (किती पेट्रोल सोडायचं याचा इंजिनाच्या संगणकातला तक्ता) न बदलता चालवलं तर मिश्रण पातळ पडतं, आणि बूस्टमध्ये पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक.

प्रश्न : बेंड पाइपला पांढरी पट्टी गुंडाळू का? उजवा पाय भाजून राहिला.
(एक वाचक, गोंदिया)

उत्तर : गुंडाळा. पाय वाचेल आणि एक्झॉस्टची उष्णता पाइपातच राहून टर्बाइनला मिळेल. टर्बाइनच्या हाउसिंगवर ब्लँकेटही चालेल. मधल्या बॉडीला मात्र काहीही गुंडाळायचं नाही, तिला वारा हवा. साध्या लोखंडाचा पाइप पट्टीखाली पावसाळ्यात गंजतो, दिवाळीला उघडून बघा. पेट्रोलची नळी पाइपपासून हातभर लांब.

प्रश्न : मुलानं गाडीला टर्बो लावण्यासाठी पैसे मागितले आहेत. द्यावेत का? पोलीस, आरटीओ यांचा त्रास होतो का?
(एक वडील, नंदनवन)

उत्तर : दादा, कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवून धरू शकते. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मी पैसे देणार नाही, आणि माझ्या गॅरेजमध्ये टर्बो बसवायचं काम घेतही नाही. मुलाला शिकायचंच असेल तर जुनं इंजिन स्टँडवर बसवून त्याच्यावर करू द्या, गेज वाचायला आणि तेलाच्या नळ्या टाकायला तिथंच जास्त शिकेल.

त्यानं ऐकलंच नाही, तर निदान मूळ बेंड, सायलेन्सर, एअर फिल्टरची पेटी आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) भंगारात जाऊ देऊ नका. घरी कापडात गुंडाळून ठेवा. गाडी विकायच्या वेळी सगळं परत बसवावं लागतं, आणि बाहेर शोधायला गेलात तर किटच्या खर्चाइतकेच पैसे त्यात जातील.